कारखान्याचं लाईट बिल कमी करायचंय? नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची, पायरी पायरीने

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, छोट्या युनिटचा मालक कच्चा माल आणि पगार यानंतर कशाने हैराण असेल तर लाईट बिलाने. मग घरातल्या पोराला किंवा नवीन लागलेल्या इंजिनियरला सांगितलं जातं की हे बिल जरा कमी करून दाखव. हा लेख त्या माणसासाठी आहे. तुम्हाला इलेक्ट्रिकलचं फार ज्ञान पाहिजे असं नाही, पण आकडे लिहून ठेवायची सवय मात्र लागेल.

बहुतेक ठिकाणी सुरुवात होते एलईडी आणि सोलरपासून. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, पण हे म्हणजे आधी कळस मग पाया. वीज जाते कुठे हेच माहीत नसताना तुम्ही काय खरेदी करणार? माझं ठाम मत आहे की पहिले दोन-तीन महिने जवळपास काहीच विकत घ्यायचं नाही, फक्त बघायचं, मोजायचं आणि जे उगाच चालू आहे ते बंद करायचं. कारण छोट्या कारखान्यात सगळ्यात मोठा पैसा जातो तो माल निघत नसताना चालू राहिलेल्या गोष्टींवर.

पायरी १: बारा महिन्यांची बिलं घेऊन बसा

अकाउंटवाल्यांकडून मागच्या वर्षभराची बिलं घ्या आणि एक्सेलमध्ये टाका. कॉलम साधे ठेवा: युनिट, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, त्या महिन्याची मॅक्झिमम डिमांड (सगळ्यात जास्त लोड किती गेला), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरं काम करणारा हिस्सा), टीओडीच्या (दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दराच्या) प्रत्येक स्लॉटमधले युनिट, एकूण रक्कम आणि त्या महिन्यात निघालेला माल किलोत किंवा नगात. एकूण रकमेला युनिटने भागा, म्हणजे वीज खरंच किती रुपयाला पडते ते कळेल, आणि हा आकडा टॅरिफमधल्या दरापेक्षा बराच जास्त निघतो कारण त्यात डिमांड चार्ज, व्हीलिंग (तारांवरून वीज आणायचा आकार), इलेक्ट्रिसिटी ड्युटी सगळं येतं. खाली हिशोबासाठी मी ९ रुपये धरलेत, तुम्ही तुमचा आकडा घाला.

डिमांड चार्ज नीट समजून घ्या, कारण इथे एक पैसा गुंतवणूक न करता बचत होऊ शकते. तुम्ही महावितरणला सांगून ठेवलेलं असतं की आम्हाला जास्तीत जास्त इतके केव्हीए (लोड मोजायचं एकक) लागतील, ती कॉन्ट्रॅक्ट डिमांड. ती वापरा किंवा नका वापरू, तिच्या ठराविक टक्क्यांचे पैसे लागतातच. समजा तुमची १५० केव्हीए आहे आणि वर्षभरात मॅक्झिमम डिमांड ९५ च्या वर कधी गेलीच नाही, तर ती कमी करायचा अर्ज करा. पण घाई नको, पुढच्या वर्षभरात नवीन मशीन येणारे का ते मालकांना आधी विचारा, परत वाढवायला गेलं की वेळ आणि पैसा दोन्ही जातो. उलट डिमांड कॉन्ट्रॅक्टच्या वर गेली तर त्या जादा केव्हीएला दीडपट दर लागतो.

इथे एक गैरसमज खूप जणांचा असतो. मोटार स्टार्ट होताना जो करंटचा झटका बसतो त्याने डिमांड वाढते असं लोकांना वाटतं. तो झटका काही सेकंदांचा असतो, मीटर बघतो अर्ध्या तासाची सरासरी. डिमांड वाढते ती सकाळी शिफ्ट सुरू होताना हीट ट्रीटमेंटची भट्टी, ओव्हन, कॉम्प्रेसर, सगळं एकाच अर्ध्या तासात फुल लोडवर गेलं की. भट्टी तापवायचं काम पाऊण तास आधी सुरू करून पुरतंय का बघा.

आणि बिल आल्यावर लगेच, दिलेल्या मुदतीत भरलं तर प्रॉम्प्ट पेमेंटची १ टक्का सूट मिळते. महिन्याला चार लाखाचं बिल असेल तर कर वगळून साधारण साडेतीन हजार वगैरे, फक्त वेळेवर भरल्याबद्दल. हे अकाउंटवाल्यांशी बोलून पक्कं करून टाका.

पायरी २: पॉवर फॅक्टर

एचटी (हाय टेन्शन, मोठ्या जोडणीच्या) ग्राहकांचं बिलिंग महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर झालंय, म्हणजे खरं काम करणारी वीज (केडब्ल्यूएच) नाही तर काम न करणारी पण धरून मोजतात. एलटी (लो टेन्शन, छोटी जोडणी) असाल तर तुमच्या बिलावर युनिट कशात मोजलेत ते बघून घ्या. केव्हीएएचमध्ये पॉवर फॅक्टर खराब असला की दंड म्हणून वेगळी ओळ दिसत नाही, युनिटच जास्त पडतात, त्यामुळे लक्षातच येत नाही. उदाहरण घ्या, महिन्याला खरी वीज ४०,००० केडब्ल्यूएच लागते. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर बिलात येतात साधारण ४७,००० युनिट, ०.९९ असेल तर ४०,४००. म्हणजे साडेसहा हजार युनिट, जवळपास ६० हजार रुपये दर महिन्याला, आणि मशीनला यातलं काही मिळालेलं नाही.

उपाय म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर आणि ते गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद करणारं एपीएफसी पॅनल. पॅनल आहे म्हणजे काम करतंय असं समजू नका. कपॅसिटर दोन-चार वर्षांत मरतात, कॉन्टॅक्टर चिकटतो, फ्यूज उडून तसाच राहतो, आणि बाहेरून पॅनल एकदम छान दिसतं. इलेक्ट्रिशियनला सांगा प्रत्येक कपॅसिटरचा तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने घेऊन वहीत लिहायला, नेमप्लेटवरच्या करंटपेक्षा बराच कमी आला की तो बदलायला झाला. हे काम लायसन्स असलेल्या माणसानेच करायचं, सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हात घालायची घाई जीवावर बेतते.

दुसरी बाजू लोक विसरतात. केव्हीएएच मीटर लीडिंगसुद्धा मोजतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लागले की पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला बिघडतो तो. रविवारी कारखाना बंद आणि मॅन्युअलवर टाकलेले कपॅसिटर चालूच, असं असेल तर सुट्टीच्या दिवशीही युनिट पडत राहतात. म्हणून पॅनल ऑटोवर पाहिजे. आणि कारखान्यात व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) किंवा इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवायची भट्टी) बरेच असतील तर साधे कपॅसिटर हार्मोनिक्समुळे, म्हणजे विजेच्या बिघडलेल्या लहरींमुळे, फुगतात, तिथे त्यापासून वाचवणारं डीट्यून्ड रिअॅक्टरवालं पॅनल घ्यावं लागतं, हे पॅनलवाल्याला आधीच सांगा.

पायरी ३: टीओडी, म्हणजे कुठल्या वेळेला काय चालवायचं

जुन्या स्लॉटमध्ये रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट असायची, सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. त्यामुळे जुने लोक जड काम रात्री काढायचे आणि ते बरोबरच होतं. आता सोलरमुळे दुपारी वीज भरपूर असते म्हणून केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार सोलर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि उद्योगांसाठी पीकच्या वेळेला किमान २० टक्के जास्त, अशी दिशा ठरली. म्हणजे गणित उलटं झालंय. तुमच्या ताज्या बिलावर स्लॉट आणि दर बघा आणि मग ठरवा. भट्टी, चार्जिंग, पाण्याची टाकी भरणं, स्क्रॅप बेलिंग अशी जी कामं वेळ बदलून चालतात तेवढीच हलवायची. संध्याकाळच्या महाग तासात ती चालू दिसली तर सुपरवायझरशी बोला. माणसांच्या शिफ्ट उगाच उलट्यापालट्या करू नका, त्याने वाचतं त्यापेक्षा जास्त बिघडतं.

पायरी ४: शनिवार रात्र ते सोमवार सकाळ

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण फुकट आहे आणि याच्यासमोर कुणी वाद घालू शकत नाही. शनिवारी शेवटची शिफ्ट सुटल्यावर मीटरचं रीडिंग घ्या, सोमवारी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी परत घ्या. सीटी मीटर (मोठा करंट कमी करून मोजणारा) असेल तर फरकाला मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणायला विसरू नका, तो बिलावर लिहिलेला असतो. समजा रात्री १० ते सोमवारी सकाळी ६, हे झाले ३२ तास, आणि आले ३२० युनिट. म्हणजे कुणी नसताना कारखान्यात सतत १० किलोवॅट चालू होतं. वर्षाचे ५२ रविवार धरले तर १६ हजारांच्या वर युनिट, दीड लाख रुपये. आणि हेच १० किलोवॅट सोमवार ते शनिवार पण चालू असतात, फक्त बाकीच्या लोडमध्ये लपून जातात.

मग एका रविवारी सिक्युरिटीवाल्या काकांना सोबत घेऊन फिरा आणि काय काय गरम आहे, काय आवाज करतंय ते लिहा. नेहमीचे सापडतात: कूलिंग टॉवरचा पंप, हायड्रॉलिक पॉवर पॅक, सीएनसीच्या पॅनलचे एसी, कॅन्टीनचा गीझर, ऑफिसचा सर्व्हर रूमच्या नावाखाली चालणारा एसी, आणि गळती भरून काढायला अधूनमधून उठणारा कॉम्प्रेसर. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा नो-लोड लॉस राहणार, तो सोडून द्या. बाकी प्रत्येकाला विचारा, हे रविवारी का पाहिजे? काही मशीनला खरंच कंट्रोल सप्लाय चालू ठेवावा लागतो, ते मेंटेनन्सवाल्यांकडून खात्री करूनच बंद करायचं.

याच्याच जोडीला एक छोटा हिशोब. दोन वेगळ्या महिन्यांचं उत्पादन आणि युनिट घ्या. समजा २० टनाला ३०,००० युनिट लागले आणि ३० टनाला ३८,०००. वाढलेल्या १० टनाला लागले ८,०००, म्हणजे टनामागे ८००. मग २० टनाला लागायला हवे होते १६,०००, वरचे १४,००० कुठे गेले? ते काहीही माल न काढता जाणारे. बारा महिन्यांचे ठिपके ग्राफवर टाकले की हा आकडा अजून नीट दिसतो. मालकांना दाखवायला यापेक्षा चांगलं चित्र नाही, आणि पुढे बचत झाली का नाही हे पण याच्यावरच कळणार, कारण नुसतं बिल कमी आलं म्हणजे ऑर्डर कमी होत्या असंही असू शकतं.

पायरी ५: कॉम्प्रेसर, इथे वेळ घालवा

हवा फुकट असते पण दाबलेली हवा कारखान्यातली सगळ्यात महाग गोष्ट आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला साधारण दहावा हिस्साच कामाला येतो, बाकी सगळी उष्णता. आणि गळकी लाईन म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. ७ बारला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल तर ते भरून काढायला ३ ते ४ किलोवॅट लागतात. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या युनिटमध्ये हे एक भोक दीड-दोन लाख रुपये खातं, आणि ३ मिलिमीटर म्हणजे किती, तर लहान मसूराच्या दाण्याएवढं.

गळती किती आहे हे मोजायला काही यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीनं बंद, लाईनचे व्हॉल्व्ह उघडे, आणि कॉम्प्रेसर चालू. तो प्रेशर गाठेल आणि अनलोड होईल, म्हणजे फिरत राहील पण हवा भरणार नाही, गळतीने प्रेशर पडलं की परत लोड होईल. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून लोडची आणि अनलोडची वेळ चार-पाच फेऱ्यांची लिहा. सरासरी लोड २ मिनिटं आणि अनलोड ६ मिनिटं आलं तर २ भागिले ८, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जाते. लक्ष न दिलेल्या कारखान्यात २० ते ३० टक्के सर्रास निघते, नीट ठेवलं तर १० च्या खाली राहू शकते.

मग शोधायला निघा. सगळं शांत असताना मोठ्या गळत्या कानालाच कळतात, बारीक असतील तिथे साबणाचं पाणी आणि ब्रश. जमिनीपासून कंबरेच्या उंचीपर्यंत नीट बघा, कारण मेन पाइपपेक्षा मशीनजवळचा शेवटचा तुकडाच जास्त गळतो: क्विक कपलर, पीयू ट्यूबचे पुश फिटिंग, एफआरएलचा (हवा गाळून प्रेशर ठरवणाऱ्या जोडणीचा) खालचा वाडगा, जुन्या होजला तारेने आवळलेला क्लिप, सिलिंडरच्या आतलं झिजलेलं सील. आणखी एक जागा म्हणजे रिसीव्हर टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह, पाणी साठू नये म्हणून ऑपरेटर तो जरासा उघडाच ठेवतो, त्याचा हेतू चांगला असतो पण दिवसभर हवा जाते, तिथे ऑटो ड्रेन बसवा. प्रत्येक गळतीला नंबर टाकलेला लाल टॅग लावा आणि दुरुस्त झाल्यावरच काढा. एकदा करून हे संपत नाही, दर तीन महिन्यांनी फेरी पाहिजे.

गळती झाल्यावर प्रेशर. कुणालातरी कधीतरी हवा कमी पडली म्हणून सेटिंग साडेसातवर नेलेलं असतं आणि ते तसंच राहतं. साधारण १ बार कमी केलं की ६ ते ७ टक्के वीज वाचते. दर दोन दिवसांनी थोडं थोडं खाली आणा आणि ऑपरेटरना विचारत राहा. एखाद्याच मशीनला जास्त प्रेशर लागत असेल तर त्या एकासाठी बूस्टर बघा.

कॉम्प्रेसर रूम कोंदट असेल, गरम हवा तिथेच फिरत असेल, तर तेही महाग पडतं, आत जाणारी हवा ४ डिग्रीने गरम झाली की साधारण १ टक्का वीज जास्त. गरम हवा बाहेर टाकायला पत्र्याचा डक्ट करून घ्या, स्थानिक फॅब्रिकेटर स्वस्तात करून देतो. आणि स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असताना पण फुल लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज घेत राहतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो बंद होतोय का बघा. एअर गनने चिप्स उडवायला साधी कापलेली पाइप न वापरता नोझल लावा, आणि अंगावरचे कपडे हवेने झाडायचं पूर्ण बंद करा, हे बिलापेक्षा माणसाच्या डोळ्या-कानासाठी जास्त.

पायरी ६: मोटारी

मोटार घेताना आपण किमतीवर घासाघीस करतो, पण १० एचपीची मोटार फुल लोडवर ६,००० तास चालली तर एका वर्षात साडेचार लाखाची वीज खाते. किमतीच्या कितीतरी पट. आयई१, आयई३ हे मोटारीच्या एफिशिएन्सीचे वर्ग, आकडा मोठा तितकी मोटार चांगली. ७.५ किलोवॅट (म्हणजे १० एचपी) ४ पोलला आयई१ ची एफिशिएन्सी ८६ टक्के, आयई३ ची ९०.४. हिशोब केला तर वर्षाला अडीच हजार युनिट, २२-२३ हजार रुपये फरक. म्हणून सगळ्या मोटारी एकदम बदलू नका, पण यादी करून ठेवा की जास्त तास चालणारी आणि दोनदा रिवाइंड झालेली कुठली आहे, आणि ती परत जळली की रिवाइंडला न पाठवता आयई३ आणायची. हा निर्णय आधीच लिहून ठेवलेला पाहिजे, कारण मोटार जळते तेव्हा लाईन बंद असते आणि तेव्हा कुणी एफिशिएन्सीचा विचार करत नाही.

मोटार किती लोडवर आहे हे नुसत्या करंटवरून ठरवू नका. रिकामी मोटार पण बऱ्यापैकी करंट घेते, किलोवॅट दाखवणारा मीटर पाहिजे.

व्हीएफडी कुठे लावायचा? फॅन, ब्लोअर आणि सेंट्रिफ्युगल पंप, जिथे डॅम्पर किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून काम भागवलेलं दिसेल तिथे. स्पीड ८० टक्के केला तर पॉवर जवळपास निम्मी होते. जी मोटार कायम फुल स्पीडलाच लागते तिथे व्हीएफडीने काहीच वाचत नाही, उलट स्वतःचा थोडा लॉस वाढतो.

पायरी ७: भट्टी आणि बॉयलर असेल तर

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांसाठी वरचं सगळं दुय्यम, खरा खर्च इंडक्शन फर्नेसचा. एक टन लोखंड वितळवून तापवायला शास्त्राप्रमाणे ४०० युनिटच्या आत पुरायला हवेत, प्रत्यक्षात ५५० ते ७०० लागतात. तुमच्या फर्नेसला वेगळा मीटर लावा आणि प्रत्येक हीटचे (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचे) युनिट, वजन आणि वेळ लिहा. एकाच फर्नेसवर, एकाच ग्रेडला, दोन शिफ्टमध्ये ५०-६० युनिटचा फरक दिसला तर फर्नेसजवळ उभं राहून बघा. बहुतेक वेळा कारणं हीच असतात की झाकण बाजूला काढून ठेवलंय, रनर-रायझर (कास्टिंगपासून तोडलेले जादा तुकडे) वाळूसकट परत टाकलेत आणि ती वाळू वितळवायला पण वीज जाते, स्क्रॅप गंजलेलं किंवा पोकळ आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेटल तयार आहे पण मोल्ड तयार नाहीत. स्पेक्ट्रोचा (मेटलची रासायनिक तपासणी करणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायला दहा मिनिटं, क्रेन दुसरीकडे अडकलेली, तोवर मेटल गार होऊ नये म्हणून पॉवर चालूच. हा प्रश्न वीजेचा नाही, मोल्डिंगवाले आणि मेल्टिंगवाले एकमेकांशी बोलतात का याचा आहे, आणि तुम्ही नवीन असलात तरी त्या दोघांना रोज सकाळी पाच मिनिटं एकत्र उभं करू शकता.

बॉयलरवाल्यांनी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणा, फीड वॉटर ६ डिग्रीने गरम झालं की १ टक्का इंधन वाचतं. उघडे फ्लॅंज आणि व्हॉल्व्ह झाकून घ्या, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा.

लाइटिंगचं एका ओळीत सांगतो, एलईडी लावा, छताला पारदर्शक पत्रे टाका, झालं.

पायरी ८: आता पैसे खर्च करायची वेळ

इथवर आलात की तुमच्याकडे आकडे असतात, आता बीईईचा (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा) सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर बोलवा. आकडे तयार असले की तो पहिल्या दिवसापासून कामाचं बोलतो. पुण्याच्या महाऊर्जाकडे (राज्याची ऊर्जा विकास संस्था) आणि जिल्हा उद्योग केंद्रात चालू योजना विचारा. बीईईने २०२५ मध्ये लघु-मध्यम उद्योगांसाठी अदिती नावाची योजना आणली आहे, त्यात ठराविक सेक्टर आणि क्लस्टरमधल्या युनिटना वीज वाचवणाऱ्या मशीनरीच्या कर्जावर व्याजात सवलत मिळते, सूक्ष्म आणि लघुला ५ टक्के, मध्यमला ३ टक्के. तुमचं क्लस्टर त्यात बसतं का ते बँकेत जायच्या आधी बघा.

मेन पॅनलला एक डबा जोडला की ३० टक्के बिल कमी असं सांगणारे विक्रेते येतील. त्यांना सांगा की आमचा युनिट प्रति किलोचा आकडा हा आहे, लावा, तीन महिन्यांनी आकडा उतरला तर पैसे घ्या, आणि हे लेखी द्या. ज्याचा डबा खरंच काम करतो तो माणूस यावर बोलायला बसतो.

सोलर शेवटी, कारण लोड कमी झाल्यावर प्लँट पण लहान पुरतो. पेबॅक काढताना विक्रेता तुमचा सरासरी दर धरेल, तुम्ही सोलर तासांचा, सूट वजा केलेला दर धरा, कारण पॅनल वीज बनवणार ती त्याच तासांत, आणि डिमांड चार्ज त्याने फारसा कमी होत नाही. छतावर जागा नसेल आणि लोड १०० किलोवॅट किंवा जास्त असेल तर २०२२ च्या ग्रीन ओपन अॅक्सेस नियमांमुळे बाहेरून सोलर वीज घ्यायचा रस्ता आहे, पण तिथे व्हीलिंग, ट्रान्समिशन आणि सरचार्ज धरून पडणारा दर लेखी मागा आणि त्याची तुलना तुमच्या दुपारच्या दराशीच करा.